समुद्रातला उमाळा

नकाशावरचं पाणी किनाऱ्यापाशी येऊन मरतं, याचं उल्का कोयंडेला इतक्या वर्षांत कधी नवल वाटलं नव्हतं. भूजलाच्या जिल्हा कार्यालयात ती जे काम करायची त्याची रीतच तशी होती. तिच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्यांनीही तेच केलं होतं.

कार्यालयात 'माग' नावाची एक संगणकप्रणाली होती. जमिनीखाली नद्या वाहतात, तळी असतात, असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे तिथलं पाणी वाहत नाही, चालतं. भिजलेल्या गोधडीत ओल जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, तसं ते खडकाच्या चिरांतून, मातीच्या कणांमधल्या फटींतून सरकतं. 'माग' काय करायची, तर डोंगरावर पावसाबरोबर काही लाख काल्पनिक कण सोडायची. प्रत्येक कणाने पावलापावलाला दोनच गोष्टी पाहायच्या: दाब कोणत्या बाजूला कमी आहे आणि वाट कुठे मोकळी आहे. तिकडे एक पाऊल टाकायचं, पुन्हा पाहायचं. ही पावलं जोडली की पडद्यावर निळे धागे उमटत. काळ उलटा फिरवला तर एखाद्या विहिरीतला थेंब कोणत्या माळावर पाऊस होऊन पडला होता, तेही कळे.

पूर्वी यात अंदाजाचा भाग फार असायचा, कारण खाली खडक कसा आहे ते कुणी पाहिलेलं नसे. पण गेल्या काही वर्षांत कोकणावरून गुरुत्वाकर्षण मोजणारे ड्रोन फिरले. जिथे खडक भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला असतो, तिथे पृथ्वीची ओढ केसभर वेगळी असते. तो केसभर फरक टिपून शास्त्रज्ञांनी बऱ्याच खोलीपर्यंतचं चित्र उभं केलं. माणसाच्या पोटात डोकवावं तसं जमिनीच्या पोटात डोकावता येऊ लागलं.

एवढं सगळं झालं, तरी किनारा आला की 'माग' थांबायची. समुद्राच्या रेषेवर एक भिंत घातलेली असायची. खरी नव्हे, गणितातली. पलीकडे खारं पाणी, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असा त्यामागचा हिशेब.

त्या मोसमात उल्काच्या टेबलावर भाटवेळचं काम आलं. भाटवेळ हे तिचं माहेर. समुद्र चढत चालला तशा गावातल्या विहिरी एकेक करून मचूळ आणि मग खाऱ्या झाल्या होत्या. माडांचे शेंडे करपले होते. लोक टँकरचं पाणी पीत होते, आणि टँकर आला नाही तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. गावामागे धामणसडा नावाचं जांभ्या दगडाचं मोठं पठार आहे. त्यावर खोल बोअर मारायचे, त्यातलं थोडं पाणी भाटवेळला द्यायचं आणि बाकीच्यावर सड्यावर एक पर्यटननगरी उभारायची, अशी योजना होती. सड्याखालचं पाणी कुणाच्या उपयोगी पडत नाही, असा निर्वाळा तेवढा उल्काकडून हवा होता. त्या योजनेसाठी चार वर्षं सगळ्यांचे उंबरठे झिजवणारा भाटवेळचा सरपंच म्हणजे उल्काचा थोरला भाऊ, नंदन.

तिने सड्यावर कण सोडले. ते ओढ्यांकडे वळतील, असं तिला वाटलं होतं. काही वळलेही. पण बरेचसे जांभ्यातून आणि त्याखालच्या पांढऱ्या चिकणमातीच्या फटींतून खोल उतरले आणि गारगोटीसारख्या पांढऱ्या, भेगाळलेल्या खडकाच्या एका थराला लागले. तो थर पश्चिमेला उतरत होता. धागे त्यातून निघाले, तिच्या माहेरघराच्या कितीतरी खालून गेले आणि किनाऱ्यावरच्या भिंतीला येऊन थटले. तिथे निळ्याचा काळपट डाग होईपर्यंत साचत राहिले. हिशेब जुळेना. एका बाजूने पाणी येतंय आणि दुसऱ्या बाजूने कुठेच जात नाही, हे निसर्गात होत नसतं.

दोन दिवस तिने चूक शोधली. सापडली नाही. मग तिने बंदर खात्याकडून समुद्रतळाचे नकाशे मागवून घेतले, ते 'माग'ला जोडले आणि भिंत काढून टाकली.

साचलेले कण हलले. किनारा ओलांडून ते समुद्राच्या तळाखालून पुढे निघाले. दुपारची वेळ होती, कार्यालयात चहा फिरत होता, कुणीतरी पंख्याविषयी तक्रार करत होतं. उल्का पडद्याकडे बघत बसली. धागे जवळजवळ आले, एकाला एक लागले, त्यांची दोरी झाली, आणि भाटवेळसमोरच्या समुद्रातल्या कासवखडकाच्या पश्चिमेला, जिथे गावचे लोक पिढ्यान् पिढ्या मासेमारी करत आले होते, तिथे ती दोरी सरळ वर उठली आणि समुद्राच्या तळातून बाहेर पडली. समोरचा चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं.

रविवारी ती भाटवेळला गेली. नंदन चाळिशी उलटलेला, काळा, रुंद छातीचा माणूस. सरपंचकी अलीकडची, त्याचा खरा धंदा पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवायचा. त्याची बायको सुलभा अंगणात टँकरच्या पाण्याच्या कळशा झाकून ठेवत होती. उल्काने पडवीत बसून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर नंदन म्हणाला,

"योजनेचा पाणी दारात येवक लागला, आणि तू आता ह्यो नकाशो घेवन इलंस?"

उल्काने पुन्हा समजावून पाहिलं. सड्यावरचं पाणी फुकट जात नाही, त्याला वाट आहे. ती मोडली तर काय होईल ते अजून तिलाच ठाऊक नाही. नंदनचं म्हणणं वेगळं होतं. समुद्रात जाणारं पाणी म्हणजे फुकटच गेलेलं पाणी. गावातली घरं बंद होत चालली होती. शाळेत मुलं उरली नव्हती. आणखी दोन उन्हाळे असे गेले तर भाटवेळ हे नाव नकाशावरच राहील. शेवटी त्याचा आवाज उतरला.

"आजपर्यंत सगळ्या नकाशात ती भिंत हुतीच ना? मगे आसांदे ती थयच. तुका कोण इचारूचो नाय."

"दादा, ती भिंत जमनीत नाय," उल्का म्हणाली. "ती आमच्या नकाशात आसा."

त्यावर तो उठून गेला. सुलभाने जेवायला थांबवलं. उल्का परत जायला निघाली तेव्हा नंदन बांधावर उभा होता. तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं, की समुद्र निवळला की तो बोट काढेल. जागा तिने दाखवायची. तिथे काही नसलं तर तिने भिंतीसकट कागद द्यायचा. तिने मान हलवली. त्याला मनोमन खात्री होती की तिथे काही नसणार. त्या पाण्यात त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं.

मार्गशीर्षात समुद्र काचेसारखा झाला तेव्हा दोघं निघाली. उल्का लहानपणी त्याच्याच हाताखाली पोहायला आणि बुडी मारायला शिकली होती, पण मधे बरीच वर्षं गेली होती. कासवखडकापलीकडे, तिच्या यंत्राने दाखवलेल्या जागी नंदनने नांगर टाकला. पाठीवर हवेची नळकांडी बांधून ती दोघं दोराच्या आधाराने खाली उतरली.

वर हिरवा उजेड होता, खाली तो निळा होत गेला. तळाशी वाळू, काळे दगड, थोडं शेवाळ. नंदनने हाताने खूण केली, काही नाही. उल्काने आणखी थोडं पुढे बोट दाखवलं. ती दोघं एका खडकाची कड ओलांडून गेली आणि नंदन थबकला.

समोरचं पाणी थरथरत होतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसं. त्यामागचे दगड वितळल्यासारखे दिसत होते, हलत होते, पुन्हा जुळत होते. खडकात हातभर रुंदीची एक भेग होती आणि त्या भेगेतून काहीतरी अखंड वर येत होतं, ज्याला रंग नव्हता, बुडबुडे नव्हते, आवाज नव्हता. गोडं पाणी खाऱ्यात मिसळताना असं दिसतं हे उल्काने वाचलं होतं. वाचणं वेगळं. भेगेभोवती समुद्रगवताचं एक कुरण माजलं होतं, आणि त्यात बोटभर लांबीचे मासे इतके, की ते सगळे एकदम वळले तेव्हा सगळं कुरणच वळल्यासारखं वाटलं. नंदनच्या पर्यटकांच्या वाटा प्रवाळाकडे जायच्या, जाळी टाकणारे वरच्या वर जायचे. या कडेपलीकडे उतरायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं.

उल्काने भेगेवर हात धरला. पाणी तिच्या तळव्याला ढकलत होतं. किंचित ऊबदार होतं, अंगणात ठेवलेल्या हंड्यासारखं. सड्यावरून निघून गावाखालून चालत आलेलं, पडद्यावर दोरी होऊन वर उठलेलं ते पाणी तिच्या हाताला लागत होतं. तिने ते गणितातून काढलं होतं आणि तरीही ते तिथे खरोखर आहे, हे तिला खरं वाटेना.

नंदन भेगेवर वाकला. त्याने तोंडातली नळी काढली, उघड्या ओठांनी भेगेपाशी घोट घेतला, नळी परत तोंडात घातली. मग तसाच गुडघ्यांवर वाळूत बसून राहिला. उल्काने दोनदा वर जायची खूण केली तेव्हा कुठे तो हलला.

बोटीत चढल्यावर त्याने तोंडावरचा मुखवटा काढला. डोळे लाल झाले होते.

"गोडा आसा गो," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने बोट अगदी हळू चालवली.

उल्काने भेगेपाशी बाटल्यांत भरून आणलेलं पाणी तपासायला गेलं. पाण्यात विरघळलेल्या कार्बनच्या एका किरणोत्सारी जातीवरून, ती किती झिजली आहे ते मोजून, पाण्याने शेवटचं आकाश कधी पाहिलं ते सांगता येतं. उत्तर आलं: सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी.

उल्काने जुन्या समुद्रपातळीचे आलेख काढले. हिमयुग सरल्यानंतर समुद्र चढत होता, पण तेव्हा तो अजून इथवर पोहोचला नव्हता. कासवखडक म्हणजे त्या काळी एक टेकाड होतं. भोवती बहुधा रान होतं, आणि किनारा आणखी पश्चिमेला. सड्यावर एका पावसाळ्यात पाणी पडलं, जमिनीत शिरलं, आणि वर्षाला दोनेक मीटर अशा चालीने निघालं. ते वाटेत असताना समुद्र पुढे आला, टेकाड बुडालं, रान बुडालं. वर लोकांनी शेती शिकून घेतली, गावं वसवली, भाषा आल्या, देव आले, जहाजं आली. पाणी चालत राहिलं. ज्या दारातून बाहेर पडायचं म्हणून ते निघालं होतं, त्या दारावर आता समुद्र बसला होता, तरी ते त्याच दाराने बाहेर येत होतं.

तिने फोनवर हे घरी सांगितलं. नंदन ऐकत राहिला. मागून सुलभा म्हणाली, "पाणी म्हातारा झाला म्हणान काय झाला, उल्काबाय? तान भागवता ना?"

ते ऐकून उल्का पहिल्यांदा हसली आणि मग कामाला लागली, कारण प्रश्न नेमका तोच होता. तिने 'माग'मध्ये सड्यावर बोअर मारून पाहिले. सुरुवातीची वर्षं भाटवेळला पाणी मिळालं, पर्यटननगरीलाही. मग समुद्रातला उमाळा, तो भेगेतला झरा, मंदावला. मग थांबला. गोडं पाणी बाहेर ढकलतं म्हणून समुद्र बाहेर राहतो. दाराला दोन्ही बाजूंनी दोघांनी खांदा लावावा तसं ते असतं. एकाने खांदा काढला की दार दुसऱ्याच्या बाजूने उघडतं. पडद्यावर धागे निळ्याचे लाल झाले आणि उलटे फिरले. बोअरच्या ओढीने समुद्र त्याच भेगेतून आत शिरला, त्याच खडकातून कितीतरी जलद चालीने मागे निघाला, भाटवेळखाली आला, पुढच्या गावांखाली गेला. ज्या विहिरी अजून गोड्या होत्या त्याही एकेक करून विझल्या. आणि एकदा खारं झालेलं जमिनीचं ते पोट पुन्हा गोडं व्हायला पावसाला परत तेवढीच हजारो वर्षं चालावं लागणार होतं.

तिने अहवालात सगळं लिहिलं. तिच्या वरिष्ठ पारसनीस मॅडम जुन्या अनुभवी बाई. त्यांनी तो दोनदा वाचला. किनाऱ्याशी आपला नकाशा संपतो आणि तिथेच आपलं काम संपतं, असं त्या आजवर मानत आल्या होत्या, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, की गावाला आधी दाखवू. त्यांचं पाणी आहे.

शिमगा झाल्यावर देवळाच्या मांडावर, समोरच्या मोकळ्या आवारात, सभा भरली. पांढऱ्या पडद्यावर उल्काने धागे सोडले. लोकांनी आपापली घरं ओळखली, आपापल्या विहिरी ओळखल्या. निळं लाल होऊन उलटं फिरलं तेव्हा बायकांमधून एक हलका आवाज उठला. पण बाबल तारी उभे राहिले. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, वय ऐंशीच्या पुढचं. त्यांनी शांतपणे विचारलं, की हे सगळं व्हायला किती वर्षं लागतील. उल्काने खरं ते सांगितलं: बोअर मारल्यापासून वीस-पंचवीस. बाबल म्हणाले, म्हणजे तोवर तरी गाव जगेल. आज तहानेने जाण्यापेक्षा ते बरं. कितीतरी माना हलल्या. बाबल म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं.

तेव्हा नंदन उठला. चार वर्षं ज्या योजनेसाठी तो भांडला, तिच्यासाठीच तो उठलाय असं सगळ्यांना वाटलं.

"मी ता पाणी प्यालंय," तो म्हणाला. "कोणाच्या येळचो पाऊस तो, देवाक म्हायत. तेव्हाच्या माणसांनी तो अडवूक नाय म्हणान तो आमच्यापर्यंत इलो. तेंका अडवूचा म्हायतच नव्हता, ही गोष्ट येगळी. आमका म्हायत आसा. म्हणान आमका इचार करूचो लागता."

मग त्याने उल्काने सुचवलेली दुसरी वाट मांडली. भेगेच्या अर्ध्या भागावर तोंड खाली असलेली एक मोठी घंटा ठेवायची. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते घंटेला जोडलेल्या नळीतून आपसूक वर चढून तरंगत्या टाकीत येईल. ओढायचं नाही, उपसायचं नाही. स्वतःहून बाहेर येतंय त्यातलंच झेलायचं. उरलेलं अर्धं माशांना. एवढ्याने भाटवेळची तहान भागेल. बागा भिजणार नाहीत, सड्यावर नगरी उभी राहणार नाही, नगरीबरोबर येणारी कामंही येणार नाहीत. हे सगळं त्याने लपवलं नाही.

सभा संध्याकाळपर्यंत चालली. भांडणं झाली. शेवटी हात वर झाले ते बोअरच्या विरोधात, पण थोड्याच फरकाने. त्या पावसाळ्यात आणखी काही घरांना कुलपं लागली, आणि पुढच्या निवडणुकीत नंदन पडला. बोट घेऊन तो रोज कासवखडकावर जायचा आणि पाण्यात उतरून घंटा बसवणाऱ्यांना मदत करायचा.

इकडे कार्यालयात पारसनीस मॅडमनी साऱ्या किनाऱ्याच्या नकाशांवरच्या भिंती काढायला सांगितल्या. उल्काने एकेक भिंत काढली आणि धागे समुद्राखालून पुढे निघत गेले. कुठे खाडीच्या तोंडाशी, कुठे भर समुद्रात, असे उमाळे उमटत गेले. कुणीच न पाहिलेले, पण सगळे चालू. शोधकांच्या बोटी आल्या, त्यांच्यामागून पंप घेऊन येणारेही आले, आणि उमाळ्यावर पंप लावायचा नाही असा कायदा होईपर्यंत पुष्कळ धावपळ झाली. उल्काच्या मनात मात्र वेगळंच चित्र राहिलं. आजवर तिला वाटायचं, जमीन संपते तिथे समुद्र सुरू होतो. आता किनाऱ्यावर उभं राहिलं की तिला पायाखालून शांतपणे पुढे जाणारा तो पाऊस जाणवायचा.

घंटा बसली त्या दिवशी निम्मं भाटवेळ होड्यांतून कासवखडकावर गेलं. तरंगत्या टाकीच्या तोंडाशी नळी जोडली होती. काही वेळ नुसती हवा आली, मग गढूळ, खारट पाणी, मग ते निवळत गेलं. सुलभाने तांब्या धरला. भरल्यावर तो तिने बाबल तारींच्या हाती दिला, कारण मान त्यांचा. सभेत हरलेला तो म्हातारा आपल्या होडीत दोघांच्या आधाराने उभा राहिला. त्यांनी चव घेतली. मग त्यांनी उरलेलं पाणी दोन्ही हातांत धरून समुद्राकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. वाऱ्यावर त्यांचा आवाज सगळ्या होड्यांपर्यंत पोचला.

"बा देवा म्हाराजा! जो पाऊस आमी बगूक नाय, तेचा पाणी आज आमी पितंव!"

"व्हय म्हाराजा," होड्यांतून आवाज आला.

"तो ज्येंच्या डोक्यार पडलो, ते कोण हुते ता आमका म्हायत नाय. तेंका आमचो नमस्कार पोचांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि औंदा सड्यार जो पाऊस पडलो, तो ज्येंका गावतलो, ते कोण आसतले ताय आमका म्हायत नाय. तेंच्यापर्यंत तो सुखरूप जावंदे!"

उल्काने बाजूच्या होडीतल्या भावाकडे पाहिलं. नंदनने हात जोडले होते, डोळे मिटले होते. शहरात राहायला गेल्यापासून गाऱ्हाण्याला तिने कधी साद दिली नव्हती. आता सगळ्यांबरोबर तिचाही आवाज निघाला, तिला वाटला होता त्याहून मोठा:

"व्हय म्हाराजा!"